डिझेल इंजिनाकडून फिरत्या सौर संचाकडे
(शेतीतील ऊर्जेचा एक अभ्यास)

आपल्या संस्थेचे बरेचसे सभासद आज नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झालेले आहेत. तरीही गावाकडची दोन-अडीच एकर जमीन, तिच्यात अर्धा वाटा असलेली विहीर आणि ती कसणारा भाऊ किंवा चुलता हा विषय घरोघर असतोच. सणावाराला गावी गेल्यावर जमिनीच्या गोष्टी निघतात आणि त्या फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येतात : पाणी आहे, पण ते वर काढायचे कशाने?

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. यंत्रशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. परंतु शेतकऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रे रोज हाताखालून जात असल्यामुळे डिझेलवर किती पैसा जळतो, हे आकड्यांतून नेहमी दिसते. त्या अनुषंगाने वाचन करून, माहीतगारांना विचारून हा अभ्यास तयार केला आहे. विद्यार्थी मित्रांनी यातील गणिते वहीवर स्वतः करून पाहावीत. दहावीच्या पुस्तकापलीकडचे त्यात काही नाही.

डिझेल इंजिन आले कसे?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालवून दाखविले. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात याच जातीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. आपल्या शेतकऱ्याने हे ऐकले तर तो हसेल, कारण भुईमुगाचे तेल आज डिझेलपेक्षा महाग आहे!

महाराष्ट्रात मोटेची जागा या इंजिनाने घेतली. मोटेला बैलजोडी लागे, नाडा-सोंदूर लागे, दिवसभर एक माणूस अडकून पडे. इंजिनाने हे सारे संपविले. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढील काळात हे इंजिन खेडोपाडी इतके पोहोचले की कितीतरी गावांत इंजिनाला लोक कंपनीच्याच नावाने हाक मारत. तेव्हा डिझेल इंजिनाला सरसकट नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांच्या शेतापर्यंत विजेचा खांब पोहोचला नव्हता, त्यांना बागायत म्हणजे काय हे याच इंजिनाने दाखविले.

याच संदर्भात एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना १९४४ मध्ये त्याच काळात झाली. वीज केवळ असून भागत नाही, ती स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह १९४३ सालच्या वीजविषयक भाषणात आढळतो. हीच कसोटी लावून आज शेतातील डिझेलकडे पाहू.

एका युनिटची किंमत

एक किलोवॅट क्षमतेचे यंत्र एक तास चालले की एक युनिट ऊर्जा खर्च होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एक लिटर डिझेलमध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे १० युनिट ऊर्जा असते. पण लहान जनित्र, म्हणजे आपण ज्याला जनरेटर म्हणतो ते, त्यातून हाती देते अडीच ते तीन युनिट वीज. उरलेले सारे धूर, उष्णता आणि आवाज यांत जाते. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला तर एका युनिटला निव्वळ तेलाचेच ३० रुपये किंवा त्याहून अधिक पडतात. वंगण, दुरुस्ती आणि पेट्रोल पंपापर्यंत कॅन घेऊन जाण्या-येण्याचा खर्च वेगळाच.

हेही पूर्ण भार असतानाचे गणित आहे. जनित्र रिकामे फिरले तरी तेल पितेच. पूर्ण भाराला जेवढे लागते त्याच्या साधारण चौथाई तेल नुसते फिरण्यात जाते. गोठ्यातले चार दिवे, एखादा पंखा आणि मोबाईल एवढ्यासाठी पाच किलोवॅटचे जनित्र चालविणे म्हणजे भाकरीचा तुकडा आणायला ट्रॅक्टर काढण्यासारखे आहे. तरीही कुक्कुटपालनाच्या शेडवर, रोपवाटिकेत, दुधाच्या गोठ्यावर हेच चालते, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो.

आता एक विसंगती पाहा. राज्य शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. ज्याच्या शेतात जोडणी आहे त्याला युनिट फुकट. आणि ज्याच्या शेतापर्यंत तारच गेलेली नाही तो मात्र युनिटला ३० रुपये मोजतो. हा दुसरा शेतकरी बहुधा कोण असतो, हे स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्याची जमीन गावाच्या कडेला, माळावर किंवा ओढ्याच्या पलीकडे असते.

विहिरीतला धूर

खर्चापेक्षाही गंभीर बाब दुसरीच आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. म्हणून जमिनीवर ठेवलेला पंप, कितीही मोठा असला तरी, त्याहून खोल असलेले पाणी खेचूच शकत नाही. नळीतील घर्षण, फूट व्हॉल्व्हमधील गळती हे धरले तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे त्याची धाव नसते. पंपाने पाणी ढकलण्याला मात्र अशी मर्यादा नाही. पंप पाण्याजवळ असेल तर तो ते उंच चढवू शकतो.

यामुळे होते काय? दिवाळीला विहीर भरलेली असते तेव्हा इंजिन काठावर असते. माघ-फाल्गुनात पाणी खाली जाते आणि त्याबरोबर इंजिनही खाली जाते. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर फळ्या टाकून, दोर लावून चार माणसे ते खाली उतरवितात. तेथे हँडल मारून ते सुरू केले जाते. धुराड्याला लांब पाइप जोडला असेल तर ठीक. नसेल तर धूर विहिरीतच कोंडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डिझेलच्या धुरात पेट्रोलच्या मानाने हा वायू कमी असतो हे खरे. पण विहिरीसारख्या कोंडलेल्या जागी इंजिन आधी तेथलाच प्राणवायू जाळून टाकते आणि मग अर्धवट जळणातून हा वायू वाढत जातो. माणसाला आधी डोके जड वाटते, पायांतले बळ जाते आणि शिडीकडे जावे हे कळूनही जाता येत नाही.

अशा दुर्घटनांत बहुधा एक माणूस जात नाही. पहिला खाली पडलेला दिसला म्हणून दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. बाप, मुलगा, पुतण्या असे एकाच घरातले जीव जातात. म्हणून विद्यार्थ्यांनी हे घरी आवर्जून सांगावे : विहिरीत इंजिन चालले असेल तर ते बंद करून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय कोणीही उतरू नये. कोणी आत बेशुद्ध पडलेला दिसला तरी कमरेला दोर बांधून, वर दोर धरणारी माणसे ठेवून आणि हवेची सोय केल्यावरच उतरावे. कंदील विझतो की नाही हे पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्याचे दाखवते. कार्बन मोनॉक्साइड ओळखायला ती उपयोगी नाही. डिझेलचा धूर फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे.

सौर संचावर चालणारा पाणबुडी पंप पाण्यातच सोडलेला असतो आणि वर फक्त तार व नळी येते. इंजिन विहिरीत उतरविण्याचा प्रश्नच उरत नाही. लेखकाच्या मते सौरपंपाच्या बाजूने दुसरे एकही कारण नसते, तरी एवढे एक पुरेसे होते.

सूर्यप्रकाशापासून वीज

प्रकाश पडल्याने विद्युतप्रवाह निर्माण होऊ शकतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल याने १८३९ मध्ये पाहिले. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे ६ टक्केच भागाची वीज होत असे. आज बाजारातल्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले आहे.

भर दुपारी स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सौरऊर्जा पडते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन धरून हिशेब केला तर महाराष्ट्रात सरासरी दिवस हा भर उन्हाच्या पाच तासांएवढा भरतो. म्हणजे १००० वॅटचे पॅनेल दिवसाला पाच युनिट देईल. धूळ, उष्णता, तारा व यंत्रणेतील घट वजा जाता चार युनिट धरावेत. उष्णतेने पॅनेलची वीज वाढते असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो. ते तापले की त्याचे उत्पादन उलट घटते. म्हणून पॅनेलच्या मागून वारा खेळता राहिला पाहिजे.

चार युनिटांत पाणी किती निघेल? एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की कार्य मिळते. पंप व मोटार मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर एका युनिटमध्ये १० मीटर उंचीवर सुमारे साडेचौदा हजार लिटर पाणी चढते. चार युनिटांत झाले ५८ हजार लिटर. एक एकरावर पाच मिलिमीटर पाणी देणे म्हणजे सुमारे २० हजार लिटर. तेव्हा १००० वॅटचा, म्हणजे साधारण एक अश्वशक्तीचा संच, पाणी १० मीटरवर असेल तर ठिबकवरच्या दोन-अडीच एकर भाजीपाल्याला पुरतो. तेच पाणी ३० मीटरवर गेले तर तोच संच एक एकरही धड भिजवत नाही. दुकानदार ‘एवढ्या एकराला चालेल’ असे सांगतो, तेव्हा ‘किती खोलीवरून?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

फिरता संच म्हणजे काय?

दुकानातून जे मिळते ते तीन प्रकारचे असते. एक म्हणजे हातात उचलून नेता येईल अशी पेटी. तिच्यात लिथियमची बॅटरी आणि इन्व्हर्टर असतो व सोबत घडीचे पॅनेल येते. गोठ्यातले दिवे, मोबाईल, रानडुकरांसाठीचे झटका कुंपण, पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाचे चार्जिंग यांना ती उत्तम. फवारणी पंपाची बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास असेल तर तिच्यात जेमतेम ९६ वॅट-तास मावतात. ५० वॅटचे पॅनेल तेवढे अडीच-तीन तासांच्या उन्हात भरते. एवढ्यासाठी जनित्र चालविणाऱ्याने ही पेटी अवश्य पाहावी.

दुसरा प्रकार चाकांच्या गाड्यावर बसविलेल्या एक अश्वशक्तीच्या पंपाचा. आजकालचे ५४० वॅटचे पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद आणि २७-२८ किलो वजनाचे असते. अशी दोन पॅनेल हातगाड्यावर किंवा बैलगाडीवर सहज जातात. तिसऱ्या प्रकारात तीन अश्वशक्तीला सहा पॅनेल लागतात. वजन पावणेदोनशे किलोच्या आत, पण पसारा साडेपंधरा चौरस मीटरचा. त्यासाठी घडी होणारी चौकट आणि ट्रॅक्टरची ट्रॉली लागते. पाच अश्वशक्ती आणि त्यापुढे फिरता संच ही हौस ठरते, असे लेखकाचे मत आहे. तेथे पाया घालून कायमचा सांगाडाच बसवावा.

फिरत्या संचाचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. कायमचे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाइतके म्हणजे १६ ते २२ अंशांपर्यंत कलवून बसवितात. गाडा मात्र सकाळी पूर्वेकडे, दुपारनंतर पश्चिमेकडे फिरविता येतो. दारे धरणाऱ्या माणसाने दिवसातून दोन-तीन वेळा एवढे केले तरी पाणी वाढते.

बॅटरीबाबत मात्र भुलू नये. रात्री पाच तास तीन अश्वशक्तीचा पंप चालवायचा तर ११ युनिट साठवावे लागतात आणि तेवढी बॅटरी पंपापेक्षा महाग पडते. पंपासाठी खरी बॅटरी म्हणजे टाकी किंवा शेततळे. दिवसा पाणी वर चढवून ठेवावे, मग ते हवे तेव्हा उतारावरून सोडावे. शेतीच्या विजेच्या पाळ्या रात्रीच्या असल्यामुळे साप-विंचू आणि जुन्नरसारख्या भागात बिबटे यांच्या भीतीत शेतकऱ्याला रानात जावे लागते. दिवसा पाणी देता येणे हा सौरपंपाचा फार मोठा लाभ आहे.

मळणी यंत्र, मोठी कडबाकुट्टी, १००-१५० मीटर खोल बोअर यांना आजही फिरता संच पुरा पडत नाही. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. साध्या इन्व्हर्टरला तो झटका सोसत नाही. सौरपंपाच्या नियंत्रकात वेग हळूहळू वाढविण्याची सोय असते म्हणून तो चालतो. पेटीवाल्या संचावर विहिरीची मोटार लावून पाहण्याचा मोह टाळावा. पावसाळी आभाळात उत्पादन फारच घटते, पण तेव्हा पाण्याचीही निकड नसते. अडचण होते ती कोंबड्यांच्या शेडची. तेथे जनित्र मोडीत न काढता अडीनडीला ठेवणेच शहाणपणाचे.

सुरक्षिततेबद्दल एवढेच सांगतो की पॅनेलला बंद करण्याचे बटण नसते. प्रकाश पडला की त्याच्या टोकांना दाब असतोच. हात लावण्यापूर्वी जाड कापडाने झाकावे आणि भार चालू असताना जोड ओढून काढू नये, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी लवकर विझत नाही. गाडा जेथे उभा कराल तेथे दर वेळी भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची सळई ठोकावी. वाऱ्यात पॅनेल शिडासारखे फुगते, यास्तव गाडा मेखांना बांधावा.

बँकेच्या खिडकीतून

आता पैशाचे पाहू. समजा तीन अश्वशक्तीचा ट्रॉलीसह फिरता संच दोन लाख रुपयांना पडला आणि सर्व रक्कम कर्जाऊ घेतली. १० टक्के व्याज, पाच समान वार्षिक हप्ते. हप्ता येतो सुमारे ५२,७६० रुपयांचा. देखभालीला वर्षाला ५,००० धरले की खर्च ५७,७६० रुपये. दुसऱ्या बाजूला तीन अश्वशक्तीचे डिझेल इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास तेल घेते. ९० रुपये दराने ६७-६८ रुपये आणि वंगण-दुरुस्ती धरून ७५ रुपये तास.

एकट्या शेतकऱ्याने वर्षातून ४० दिवस, रोज पाच तास संच वापरला तर २०० तास भरतात आणि तासाला २८९ रुपये पडतात. म्हणजे डिझेलच्या जवळजवळ चौपट! अशा कर्जाची वसुली कशी होईल हे बँकेतल्या माणसाने वेगळे सांगायला नको. पण चार शेतांवर मिळून १६० दिवस, म्हणजे ८०० तास तो फिरला तर तास ७२ रुपयांना पडतो. कर्ज फिटेपर्यंत डिझेलशी बरोबरी होते. सहाव्या वर्षापासून नियंत्रक बदलण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम धरून वर्षाला १०,००० खर्च मानला, तर तास साडेबारा रुपयांवर येतो. दहा वर्षांत डिझेलचे ६ लाख रुपये होतात, संचाचे ३ लाख ४० हजारांच्या आत. पॅनेलची हमी तर साधारण २५ वर्षांची असते.

म्हणजे फिरता संच परवडतो तो त्याला चाके आहेत म्हणून. तो एका बांधावर उभा राहिला की तोट्यात जातो. मात्र येथे एक खरी अडचण आहे. गव्हाला ओंबी येताना सगळ्यांनाच एका आठवड्यात पाणी हवे असते. चौघांची पिके सारखीच असतील तर भांडण ठरलेले. एकाचा हरभरा, दुसऱ्याची भाजी, तिसऱ्याचा उन्हाळी भुईमूग अशी पेरणी असेल तर पाळ्या बसतात. संच घेण्यापूर्वी पीकपाण्याची बैठक घ्यावी.

अनुदानाचे काय, असे वाचक विचारतील. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या एका भागात वीज नसलेल्या ठिकाणी साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे सौरपंप दिले जातात. महाराष्ट्रात २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला केवळ ५ टक्के वाटा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे प्रमाण आहे. ज्याच्याकडे सातबारा आहे, त्यावर पाण्याच्या साधनाची नोंद आहे आणि सामाईक हिस्सेदारांचे ना हरकत पत्र मिळते, त्याने फिरत्या संचाच्या मागे न लागता आधी हा अर्ज करावा. दोन लाखांच्या पंपाला १० हजार रुपये भरणे आणि दोन लाखांचे कर्ज काढणे यांत तुलनाच नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, ठिबक यांनाही साहाय्य मिळते. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी.

पण योजनेतला पंप मंजूर झालेल्या विहिरीवरच बसतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचे काय? दुसऱ्याची जमीन बटाईने किंवा खंडाने कसणारा, गायरानावर दोन पिढ्या राबणारा, विहिरीत हिस्सा असूनही कागदावर नाव न लागलेला, अशांच्या वाट्याला ही योजना येत नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यातील मागण्यांपैकी बऱ्याच गोष्टी आजही सातबाऱ्याच्या कोऱ्या रकान्यात अडकून आहेत. फिरता संच खरा उपयोगी आहे तो या माणसांना. त्याला जमिनीचा उतारा लागत नाही. मालकाने पुढल्या वर्षी जमीन काढून घेतली तर तो गाड्यासकट दुसऱ्या शेतावर जाऊ शकतो. डिझेल इंजिनाचाही हाच गुण होता आणि म्हणूनच ते एवढी वर्षे टिकले.

फुकटच्या पाण्याचा धोका

डिझेलच्या खर्चामुळे शेतकरी पाणी जपून काढतो. सौरपंपाला चालविण्याचा खर्च नसल्याने तो दिवसभर सोडून ठेवण्याकडे कल होतो आणि विहीर मार्गशीर्षातच तळ गाठते. हा धोका खराच आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज वीज कंपनीला विकण्यास सुरुवात केली. हे शेतकरीही पूर्वी डिझेलवरच होते. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकण्यात पैसा आहे असे दिसले की पंप आपोआप बंद होतो, हा त्यामागचा विचार. फिरत्या संचाला तारेची जोडणी नसल्याने तो मार्ग उपलब्ध नाही. त्याला ठिबकची जोड आणि तासाचा दर हाच लगाम. भागीदारीतला संच असला तरी भागीदाराने तासाचे पैसे भरलेच पाहिजेत, असा नियम याच कारणासाठी हवा.

संच पाच-सहा जणांनी किंवा बचत गटाने घ्यावा. गटाच्या नावाने बँकेत खाते काढावे. तासांची नोंद ठेवायला एक वही पुरते. वहीत तारीख, शेत, सुरू व बंद केल्याची वेळ आणि दोघांच्या सह्या एवढेच रकाने असावेत. वही ज्याच्या घरी त्याच्याकडे गाड्याची किल्ली नसावी. पॅनेल चोरीला जातात, म्हणून रात्री गाडा वस्तीवर आणावा. विमा उतरविताना पॅनेलच्या मागील क्रमांक लिहून ठेवावेत आणि पावती गटाच्या नावाची घ्यावी, दुकानदाराने आग्रह केला तरी एकाच्या नावाची घेऊ नये. दर आठवड्याला सकाळी पॅनेल गार असतानाच साध्या पाण्याने व फडक्याने धुवावे. राख किंवा वाळूने घासू नये. हप्त्याची तारीख माल बाजारात जाण्याच्या महिन्यात, म्हणजे चैत्र-वैशाखात मागून घ्यावी. अर्ज करतानाच लेखी मागितले तर शाखेतून ती सहसा मिळते.